डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काचबिंदू: व्हॉल्व्हची नळी की बिनव्हॉल्व्हची?

एका डोळ्याचं मोठं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यानंतर डोळ्याच्या आतला दाब चढलाय, थेंबांनी तो पुरेसा उतरत नाही आणि आता डॉक्टर म्हणतात की डोळ्यातलं पाणी बाहेर काढणारी नळी बसवावी लागेल. अशा टप्प्यावर जे आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. काचबिंदू म्हणजे काय आणि डोळ्याची नस एकदा सुकली की परत हिरवी का होत नाही, हे इथवर पोचलेल्या माणसाला पाठ झालेलं असतं, म्हणून ते सोडून देतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. व्हॉल्व्ह असलेली अहमद नळी घ्यायची, की मदुराईच्या ऑरोलॅब या संस्थेची बिनव्हॉल्व्हची, जिला दवाखान्यात सगळे 'आडी' (AADI) म्हणतात?

मी ही निवड केली आहे. कुठली केली ते पुढे येईलच. पण प्रत्येकाचा डोळा वेगळा, आधीचं ऑपरेशन वेगळं, नस किती शिल्लक आहे तेही वेगळं. त्यामुळे माझा कौल हा एका पेशंटचा कौल समजा. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. पुण्यात ऑपरेशन झालं, पडदा जागेवर धरून ठेवायला आत सिलिकॉन तेल घातलं. पडदा छान बसला. पण या तेलाचे कालांतराने बारीक बारीक थेंब होतात आणि डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं त्या जाळीत ते अडकतात. माझा दाब पस्तिशीच्या पुढे गेला (हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये). तेल काढलं, वाटलं आता उतरेल. थोडा उतरला, पुरेसा नाही. तेल काढल्यावरही काही डोळ्यांत दाब चढलेलाच राहतो, कारण जाळीचं नुकसान आधीच झालेलं असतं. मोतीबिंदूच्या अवघड ऑपरेशननंतर, बुबुळ बदलल्यानंतर, लहानपणी मोतीबिंदू काढलेल्यांना मोठेपणी, असा हा काचबिंदू वेगवेगळ्या वाटांनी येतो. शेवटी प्रश्न मात्र सगळ्यांसमोर हाच येतो.

नळीकडे वळण्याआधी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर विचारा: दाब स्टिरॉइडच्या थेंबांनी तर चढला नाही ना? ऑपरेशननंतर सूज उतरायला जे थेंब देतात त्यांनी काही लोकांचा दाब काही आठवड्यांत चढतो. थेंब बदलले किंवा हळूहळू कमी केले की तो बरेचदा खाली येतो. स्वतःच्या मनाने ते थेंब बंद करू नका, विशेषतः बुबुळ बदललं असेल तर अजिबात नाही. पण विचारा. ज्यांचं एवढ्यावर भागतं त्यांना पुढचं काही वाचायची गरजच नाही.

आता बाकीचे पर्याय, जे माझ्या यादीतून लवकर गळाले.

नेहमीचं काचबिंदूचं ऑपरेशन, म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी, ज्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट करून पाणी वरच्या पापणीखाली सोडतात. पहिल्यांदाच ऑपरेशन होणाऱ्या डोळ्यासाठी ते आजही उत्तम मानतात. पण आधी ऑपरेशन झालेल्या डोळ्यात वरचं पातळ आवरण चिकटलेलं असतं, व्रण धरलेला असतो आणि केलेली वाट बुजायची शक्यता वाढते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या किंवा ट्रॅबेक्युलेक्टॉमी एकदा फसलेल्या डोळ्यांवर एक मोठी तुलना झाली होती. तिच्यात ५ वर्षांनी नळीच्या गटात अपयश २९.८ टक्के निघालं आणि ट्रॅबेक्युलेक्टॉमीच्या गटात ४६.९ टक्के. माझ्या डोळ्याचं आवरण बघून सर्जननी ते ऑपरेशन स्वतःहूनच बाजूला ठेवलं. तुमचं आवरण चांगलं असेल तर हा पर्याय अजून जिवंत आहे, त्याबद्दल बोला.

दुसरा पर्याय डायोड लेझरचा. डोळ्यात पाणी तयार करणारा भागच लेझरने थोडा जाळायचा, म्हणजे पाणीच कमी बनेल. चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी. ऐकायला फार सोयीचं. पण एकदा जाळलेलं परत येत नाही, नेमकं किती जाळलं तर पुरे होईल याचा अंदाज कठीण, आणि जास्त झालं तर डोळा मऊ पडून नजर जाऊ शकते. म्हणून ज्या डोळ्यात नजर फारशी उरलेली नाही त्यात तो आधी सुचवला जातो. मायक्रोपल्स नावाचा सौम्य प्रकार आता आला आहे आणि त्याकडे चांगल्या नजरेच्या डोळ्यांसाठीही बघितलं जातं. माझी नजर चष्म्याने बऱ्यापैकी होती, मी ती पणाला लावायला तयार नव्हतो.

थेंबांवरच राहायचं, हा तिसरा मार्ग. त्याबद्दल एवढंच सांगतो की सोलापूरच्या उन्हाळ्यात लॅटानोप्रोस्टची, म्हणजे दाब उतरवणाऱ्या थेंबांची, न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये आणि उघडलेली २५ अंशांच्या आत ठेवायची, हे पाळणं मोठं काम आहे. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. मेडिकलवाल्याकडून बाटली घेतानाच ती थंडीतून आली का हे बघायची सवय लावून घ्या. नळी बसल्यावरही ही सवय उपयोगी पडते, कारण थेंब पूर्ण सुटतीलच असं कुणी सांगू शकत नाही.

म्हणजे उरल्या दोन नळ्या.

दोन्हींचं तत्त्व एकच. डोळ्याच्या आत एक केसासारखी बारीक नळी, तिचं दुसरं टोक पापणीखाली मागे बसवलेल्या चकतीशी जोडलेलं, पाणी नळीतून चकतीवर येतं आणि तिथून शरीर ते शोषून घेतं. नळी बाहेर येऊ नये म्हणून तिच्यावर नेत्रपेढीतून आलेला, दान केलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा तुकडा शिवतात. तो तुकडा कुणाचा हे कधी कळत नाही. माझ्या डोळ्यात तो आहे आणि मी त्या अनोळखी घरच्यांचा ऋणी आहे. दवाखान्यातून आल्यावर घरात आम्ही सगळ्यांनी नेत्रदानाचे अर्ज भरले.

फरक चकतीच्या आकारात आणि नळीच्या तोंडाशी आहे. आडी ही बेर्वेल्ट नावाच्या जुन्या परदेशी नळीच्या बेतावर बनवलेली, तिची चकती ३५० चौरस मिलिमीटरची. अहमदची सर्वसाधारण चकती १८४ ची, म्हणजे जवळपास निम्मी. चकती मोठी तितकं पाणी शोषायला क्षेत्र जास्त, म्हणून लांबच्या पल्ल्यात आडी किंवा बेर्वेल्ट दाब अधिक खाली नेते. हे केवळ तर्काने म्हणत नाहीत. अहमद आणि बेर्वेल्ट यांची समोरासमोर तुलना करणारे दोन मोठे अभ्यास झाले. त्यांचा एकत्र हिशेब मांडला तेव्हा ५ वर्षांनी अहमद गटाचा सरासरी दाब १५.८ आणि बेर्वेल्ट गटाचा १३.२ निघाला. अपयश अहमदमध्ये ४९ टक्के, बेर्वेल्टमध्ये ३७. दाब फारच खाली जाऊन डोळा बिघडण्याचे प्रकार मात्र बेर्वेल्टमध्ये जास्त.

नुसते हे आकडे बघून निवड करायची तर आडी सरळ जिंकते. शिवाय ती अहमदपेक्षा बरीच स्वस्त. ऑरोलॅबने ती २०१३ च्या सुमारास आणली तेव्हापासून आपल्याकडच्या किती लोकांना नळी परवडू लागली याचा विचार केला की त्या माणसांबद्दल मनात आदर वाटतो. त्याच संस्थेने नव्वदच्या दशकात मोतीबिंदूची भिंगं स्वस्त केली होती. माझ्या सर्जननीही आडीचं नाव आधी घेतलं. म्हणाले, "दोन्ही बसवू शकतो. तुमचं काम, अंतर, खिसा आणि गोळी किती सोसते ते बघून सांगा."

शेवटचं जे ते म्हणाले, दाब उतरवणारी गोळी किती सोसते, त्यावर माझं सगळं ठरलं.

आडीला व्हॉल्व्ह नाही. नळी तशीच उघडी सोडली तर डोळ्यातलं पाणी धो धो निघून जाईल आणि डोळा मऊ पडेल. म्हणून चकतीभोवती शरीराचं आवरण धरेपर्यंत सर्जन नळीला विरघळणाऱ्या धाग्याची गाठ मारून ठेवतात. ती गाठ साधारण पाच-सहा आठवड्यांनी सुटते. तोवर नळी आहे, पण चालू नाही. नळीला सुईने बारीक छिद्रं पाडतात, त्यांतून थोडं पाणी झिरपतं, कुणाला त्याने बराच आराम पडतो, कुणाला काहीच नाही. म्हणजे ऑपरेशन झाल्यावरही ते आठवडे थेंब आणि गोळ्या चालूच. गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड, डायमॉक्स.

ज्यांनी ही गोळी एखादा आठवडा घेतली असेल त्यांना 'मुंग्या येतात' एवढं सांगितलं की पुरे. ज्यांनी घेतली नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो, कारण डॉक्टरांच्या तोंडी हा विषय एका वाक्यात संपतो.

माझं शाळेच्या गणवेशांचं छोटं युनिट आहे. सोलापुरात असे कितीतरी आहेत, इथला गणवेश महाराष्ट्राबाहेरही जातो. शिलाई बाया करतात, कटिंग मी स्वतः करतो. टेबलावर टेरिकॉटचे थर एकावर एक अंथरायचे, वर मार्कर, म्हणजे मापं आखलेला कागद, लावायचा आणि उभ्या पातीच्या मशीनने सगळे थर एकदम कापायचे. डोळ्याइतकंच हे काम बोटांचं आहे. अंथरताना कडेवरून बोट फिरवलं की कुठला थर आत सरकलाय ते कळतं. गोळी सुरू झाली आणि बोटांच्या टोकांना सतत मुंग्या. जाड हातमोजा घालून कापड चाचपावं तसं वाटायचं. थर सरकलेला कळेना. एकदा आमच्या शिलाईवाल्या ताईंनी हाक मारली, "मास्तर, खालचे दोन थर मागं राहिलेत बघा." बघितलं तर खरंच राहिले होते. पाती चालवली असती तर दोन बंडलं बाद झाली असती. त्यातून एका डोळ्याला खोलीचा अंदाज कमी झालेला, आणि पाती तर माणूस बघत नाही. त्या दिवसापासून गोळी घेऊन मी पातीच्या मशीनला हात लावला नाही.

बाकीचेही त्रास होतेच. पायांना, ओठांभोवती मुंग्या. रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं. भाकरी आणि शेंगाचटणी, ज्यावर आमची न्याहारी असते, तिची चव धातूसारखी लागायची. सोड्याची तर चवच जाते. अंगात एक मरगळ, दुपारी कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकावंसं वाटे. पोटॅशियम कमी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं, घरात केळी-शहाळी सुरू झाली. आणि सोलापूरचा उन्हाळा. या गोळीने लघवी वाढते, मुतखड्याचा धोका वाढतो आणि इथल्या उन्हात अंगातलं पाणी असंही सुटत असतं. ज्यांना आधी खडा होऊन गेलाय, ज्यांची किडनी कमजोर आहे, ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे, त्यांनी हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायला हवं, विचारायची वाट बघू नये.

आता याच्याशी आडीचा हिशेब जुळवा. ऑपरेशन ठरत होतं मार्चअखेरीला. शाळा जूनमध्ये उघडतात. एप्रिल ते जून हा आमचा सगळा हंगाम, वर्षभराची पोळी याच दिवसांवर. आडी घेतली असती तर गाठ सुटेपर्यंतचे सगळे आठवडे गोळीवर, नेमके हंगामाच्या पोटात. तेवढे दिवस मला कटिंगला दुसरा माणूस लावावा लागला असता आणि हंगामात चांगला कटिंग मास्तर मिळणं म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. ऑपरेशन पुढे ढकलायचा पर्यायही नव्हता, नस आधीच बरीच सुकली होती.

अहमदमध्ये चकतीला लागून एक छोटी खोली असते. तिच्यात ताणलेल्या पातळ पडद्यांचा व्हॉल्व्ह असतो, तो साधारण ८ ते १२ च्या दाबाला उघडावा अशी रचना. बसवण्याआधी सर्जन तिच्यातून सलाइन सोडून पडदे मोकळे करून घेतात. त्यामुळे नळी पहिल्या दिवसापासून चालू. माझा दाब ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढल्यावर मोजला तेव्हा दोन आकड्यांत जेमतेम होता. डॉक्टर म्हणाले, "गोळी बंद." दोन-तीन दिवसांत बोटं मोकळी झाली. घरी परतल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल तर टेबलावर पांढऱ्या शर्टाचं कापड अंथरून कडेवरून बोट फिरवलं. कापायची परवानगी अजून नव्हती, पण थर हाताला लागत होते.

एवढं लिहून झाल्यावर अहमदची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर तुमची फसगत होईल. पहिल्या काही आठवड्यांनंतर, साधारण एक ते तीन महिन्यांच्या दरम्यान, अहमदवाल्या बऱ्याच डोळ्यांत दाब पुन्हा चढतो. चकतीभोवती जाड आवरण धरतं म्हणून. माझाही चढला, विशीच्या पुढे गेला आणि मनात धस्स झालं. थेंब पुन्हा सुरू झाले, गोळी मात्र नाही. हळूहळू आवरण पातळ होत जाऊन दाब उतरला आणि सोळा-सतराच्या आसपास स्थिरावला. आज एका बाटलीवर आहे. आडीत बारा-तेरा मिळाला असता का? आकडे म्हणतात, शक्यता होती. माझी नस आणखी खराब असती आणि डॉक्टर म्हणाले असते की दाब बाराच्या आत हवाच, तर माझं मत कदाचित वेगळं झालं असतं. अशा डोळ्याला पहिल्या आठवड्यांतलं उंच दाबाचं ओझंही परवडत नाही, हे मात्र तिथेही विसरू नका. तो तोल डॉक्टरांनीच सांगावा.

मोठ्या चकतीचा आणखी एक भाग. आडीची चकती डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या खाली सरकवून बसवतात, अहमदची स्नायूंच्या मध्ये बसते. त्यामुळे एका वस्तूच्या दोन दिसण्याचा त्रास मोठ्या चकतीत थोडा जास्त संभवतो. दोन्ही डोळ्यांनी चांगलं दिसणाऱ्यांनी हा मुद्दा विचारून घ्यावा. ज्याचा एकच डोळा काम करतो त्याला याची काळजी नाही.

आणि अंतर. पुणं सोलापूरपासून अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की दुपारच्या आत ओपीडीत पोचता येतं, रात्री परत. ठरलेल्या तारखेला जाणं-येणं जमतं. पण आडीची गाठ ठरल्या तारखेला सुटत नाही. ती सुटली की दाब एका दिवसात तीसच्या वरून एक आकडी होऊ शकतो, नजर धूसर होते, डोळ्याच्या आतला थर सुजून उचलला जाऊ शकतो आणि क्वचित आत रक्तस्रावही होतो. त्या आठवड्यात सर्जनच्या जवळ असणं बरं. काही सर्जन नळीच्या आत एक धागा ठेवून तो हव्या त्या दिवशी ओपीडीत ओढून काढतात, म्हणजे सुटण्याचा दिवस हातात राहतो. तुम्ही आडी घेणार असाल आणि सर्जनच्या गावाबाहेर राहत असाल तर हे करतात का, एवढा एक प्रश्न नक्की विचारा. पुण्यात बहीण-भाऊ कुणी असेल तर त्या सुमारास तिकडेच राहा. माझी आक्का हडपसरला आहे, ती म्हणत होती, "ये की महिनाभर, कुठं जातोय?" पण युनिट सोडून महिना कसा काढायचा?

अहमदमध्येही सुरुवातीला दाब फार उतरू शकतो, व्हॉल्व्ह असूनही. पण तो प्रकार झाला तर पहिल्याच दिवसांत होतो, जेव्हा तुम्ही दवाखान्याजवळच असता. इथे राहणाऱ्याला हा फरक मोठा वाटतो.

सिलिकॉन तेल अजून डोळ्यात असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. नळी वरच्या बाजूला बसवली तर तेलच नळीतून बाहेर जायला लागतं. म्हणून अशा डोळ्यात नळी बरेचदा खालच्या बाजूला बसवतात. माझं तेल काढून झालं होतं, त्यामुळे वर बसवता आली. आधी व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतली जेली काढण्याचं ऑपरेशन, झालेल्या डोळ्यात काही सर्जन नळी पुढे न घालता मागच्या बाजूने आत नेतात, म्हणजे बुबुळाला घासत नाही. बुबुळ बदललेल्यांनी याबद्दल आवर्जून बोलावं, कारण पुढच्या कप्प्यातली नळी बुबुळाच्या आतल्या पेशींना वर्षानुवर्षं त्रास देऊ शकते.

पैशाचं म्हणाल तर अहमद नळी आडीपेक्षा काही पट महाग आहे, आणि हा फरक खिशाला जाणवतो. आम्ही दिवाळीत घ्यायचं ठरवलेलं ओव्हरलॉक मशीन पुढे ढकललं. ज्यांना हा फरक पेलणारा नाही त्यांनी मनात अपराधी वाटून घेऊ नये. मोठ्या अभ्यासांतल्या आकड्यांनुसार लांबच्या पल्ल्यात कमी दाब देणारी नळी आडीच्याच बेताची आहे. कामात बोटांची गरज नाही, किडनी ठणठणीत आहे, नस अजून बरीच शिल्लक आहे, वय कमी म्हणून पुढची अनेक वर्षं दाब खाली हवाय आणि पहिल्या दीड महिन्यात गरज पडली तर सर्जनकडे लगेच जाता येतं, अशा माणसाला मी आडीच घे म्हणेन. माझ्या ओळखीतला एक तरुण, अपघातानंतरच्या ऑपरेशनमुळे दाब चढलेला, याच कारणांनी आडीकडे गेला आणि आज थेंबाशिवाय आहे.

पण हाताने, नजरेने काम करणारा, सर्जनच्या गावाबाहेर राहणारा आणि डायमॉक्सने आधीच हैराण झालेला माणूस मला विचारायला आला तर मी अहमदकडे बोट दाखवेन. पाच वर्षांच्या सरासरीतले दोन-अडीच अंक मी सोडले. त्या बदल्यात हंगाम मिळाला, बोटं मिळाली आणि गाठ कधी सुटेल याची धास्ती उरली नाही. मला ते योग्य वाटतं. पाच-सात वर्षांनी अहमद थकली तर दुसऱ्या बाजूला आणखी एक नळी बसवता येते, असंही डॉक्टरांनी सांगितलंय.

कुठलीही घेतली तरी काही गोष्टी सारख्या. डोळा चोळायचा नाही, रात्री डोळ्यावर ढाल लावून झोपायचं, सुरुवातीचे आठवडे डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. कापडाची धूळ उडते तिथे मी अजूनही गॉगल लावतो. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत जातानाही लावतो. नळीवरचं आवरण झिजून ती उघडी पडू शकते, मग जंतू थेट आत जायला वाट मिळते. म्हणून आरशासमोर वरची पापणी उचलून, खाली बघत, महिन्यातून एकदा घरच्या कुणाकडून तरी बघून घ्या. आमच्याकडे हे काम मुलगी करते, मोबाइलचा टॉर्च लावून. पांढऱ्यावर फिकट उंचवटा दिसतो, तो तसाच राहायला हवा. डोळा लाल झाला, दुखला, घाण आली किंवा तिथे काही चमकताना दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, सोमवारची वाट बघायची नाही. सोलापुरातला नेत्रतज्ज्ञ आधी दाखवायला चालतो, पण त्याला नळीचं नाव आणि ऑपरेशनचा कागद दाखवा. तो कागद मी पाकिटात घडी घालून ठेवतो आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे.